विक्री कुठे झाली?

चि. सायलीस,


मालिकेच्या शीर्षकगीतासाठी बोलावणं आलंय आणि तुझ्या गुरुभगिनींनी नाकं मुरडली आहेत. जाऊ की नको, असं तू विचारतेस. जा. इथेच थांबलो असतो, पण ‘आपल्या परंपरेत हे बसतं का?’ असंही तू लिहिलंयस, म्हणून थोडं लांबण लावतो.

परंपरेचंच म्हणशील तर भास्करबुवा बखल्यांहून मोठा दाखला कुठून आणू? ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेला हा माणूस. १९१६ साली त्यांनी गंधर्व मंडळीच्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या. ती कंपनी काही दानधर्मावर चालत नव्हती, तिकिटांवर चालायची. बुवांनी विद्या विकली, असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी कानावर नाही. ‘मुघल-ए-आझम’साठी बडे गुलाम अली खाँसाहेबांनी गाण्यामागे पंचवीस हजार सांगितले, म्हणजे दिग्दर्शक के. आसिफ निमूट परत जातील या हिशेबानं. पण ते गेलेच नाहीत, हा किस्सा तर तू माझ्याकडूनच ऐकलायस.

उलट बाजूही आहे. किशोरीताई ‘गीत गाया पत्थरों ने’साठी गायल्या, ते माईंना, म्हणजे त्यांच्या आई मोगूबाईंना, रुचलं नव्हतं. मोगूबाईंसारख्या गुरूची नाराजी मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या गळ्याला काय मानवतं, हे ज्याचं त्यानं ओळखायचं असतं.

मला स्वतःला हरिप्रसादजींचं उदाहरण जास्त पटतं. मुंबईच्या स्टुडिओंत हाताशी भरपूर काम असताना ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले आणि पाटी कोरी करायची म्हणून बासरी धरायची बाजूच बदलली. तयार हात मोडून पुन्हा सरगमपासून! विचार कर, सिनेमाचा पैसा चालू असताना हे करायला काय छाती लागते. पुढे शिवकुमारजींच्या जोडीनं त्यांनी ‘सिलसिला’लाही संगीत दिलं, तेव्हा स्टुडिओ काही त्यांनी टाकला नव्हता.

आता तुझ्याबद्दल. रागावू नकोस. गेल्या गणेशोत्सवात तुझ्या साथीला पेटीवर मीच होतो. बिहागचा ख्याल, विलंबित एकताल. तिसऱ्या आवर्तनात गंधारावर फार सुरेख थांबली होतीस. तेवढ्यात पुढच्या रांगेतले दोघे मोबाइल काढून बसले, आणि तू बढत तिथेच सोडून थेट तानांवर उडी मारलीस. अंतरा तर घेतलाच नाहीस. टाळ्या कडकडून पडल्या. बिदागी म्हणशील तर रिक्षाभाडं सुटण्याइतकी. गाणं विकलंच असेल तर ते त्या मांडवात विकलंस, तेही फुकटात. स्टुडिओत निदान दर ठरलेला असतो आणि माल काय आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तुझ्या गुरुभगिनींना त्या रात्री काहीच खटकलं नाही, याची मला गंमत वाटते.

तेव्हा सोवळ्या-ओवळ्याची काळजी सोड आणि व्यवहाराची कर. तिथे गाणं तुकड्यातुकड्यांत घेतील, कानात क्लिक वाजत राहील, वरून ऑटोट्यूनही लावतील. तुझी मींड सरळ करून टाकली तर तिथल्या तिथे बोल, नंतर माझ्याकडे रडू नकोस. सकाळच्या खर्जाच्या वेळी रेकॉर्डिंगची तारीख देऊ नकोस. दुपारनंतरची माग, मिळते. आणि ‘एकरकमी’ म्हणून कागद पुढे सरकवतील, त्याला भुलू नकोस. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे. पहिलंच काम मिळालं या आनंदात पोरं तो कागद वाचतसुद्धा नाहीत.

सही करण्याआधी कराराची प्रत मला पाठव. ओळखीच्या वकिलाला दाखवून दोन दिवसांत परत देतो.

तुझा,
मामा