स्कँडल आणि बोभाटा



आजच्या शुभवर्तमानात (मार्क ९:४२) लहानांना अडखळविणाऱ्याविषयी प्रभू येशू फार कडक बोलतो. अशा माणसाच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात टाकलेले बरे, असे तो म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये ही तळी घरच्या जात्याची नाही, गाढवाने ओढायच्या भल्या मोठ्या जात्याची आहे. आणि 'अडखळविणे' यासाठी तेथे जे क्रियापद आहे, त्याच्याच कुळातून इंग्रजीतला 'स्कँडल' हा शब्द आला आहे.

आपण स्कँडल म्हणतो ते बदनामीला, पेपरात छापून आलेल्या प्रकरणाला. मूळ अर्थ वेगळा. घरातला उंदराचा पिंजरा आठवा. आतल्या आकड्याला आपण सुक्या बोंबलाचा तुकडा लावतो. उंदराने तो ओढला की दार खाली पडते. ग्रीकांच्या सापळ्यात आमिष लावायची अशीच एक काडी असे आणि 'स्कांदालोन' हा शब्द त्या काडीशी नाते सांगतो. यहुद्यांनी जुना करार ग्रीकमध्ये आणला तेव्हा फास आणि वाटेतली धोंड या दोन्हींसाठी तो वापरला. लेवीय १९:१४ मध्ये आंधळ्याच्या वाटेत जे ठेवू नये म्हणून सांगितले आहे, ते हेच. (निंदेला इंग्रजीत 'स्लँडर' म्हणतात, तो शब्दही फ्रेंचमार्गे आलेला याचाच सख्खा भाऊ. मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर रंगणाऱ्या गप्पांत हे लक्षात असू द्यावे!)

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याची व्याख्या केली: दुसऱ्याच्या आत्मिक पतनाला निमित्त होणारे अयोग्य बोलणे किंवा वागणे. सेमिनरीत आम्ही ती पाठ केली होती. तिच्यात 'लोक काय म्हणतील' हे कुठेच नाही. गोष्ट कोणाच्या कानावर गेली नाही, तरी सापळा लावलेलाच असतो.

माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामात एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. नवरा मारत असे. मी म्हणालो, "जरा सांभाळून घ्या, मुलीचं लग्न तोंडावर आहे, उगाच स्कँडल होईल." त्यांनी सांभाळून घेतले. बोभाटा झाला नाही. त्यांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. सारे पाहत होता, आणि फादरही गप्प बसायला सांगतात, हेही त्याने पाहिले. (प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले मी लिहीत नाही. हे घरातल्या बायकांच्या परवानगीने लिहीत आहे.)

ख्रिस्तसभेनेही हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर केली. आयर्लंडमधील मुलांवर झालेल्या अत्याचारांबद्दल पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मार्च २०१० मध्ये तेथील श्रद्धावंतांना पत्र लिहिले. ख्रिस्तसभेच्या नावाची आणि स्कँडल टाळण्याची भलतीच काळजी, हे एक कारण त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा गोष्टी वरिष्ठांना कळविणे धर्मगुरू आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. आपल्या देशातही २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न देणे हा गुन्हा आहे. तो तुम्हाला लागू आहे, तसा मलाही.

पद मोठे असले म्हणून कोणी यातून सुटत नाही. ज्याला प्रभूने खडक म्हटले त्या पेत्राला, लगेच पुढे, तू मला 'स्कांदालोन' आहेस असेही त्यानेच सुनावले (मत्तय १६:२३).

मागच्या वर्षी मला एक फोन आला. त्या बाईंची सून होती. नवरा मारतो म्हणाली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. नंबर त्यांनीच दिला होता. "फादर, तिला सांभाळून घ्यायला सांगू नका," एवढेच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींबरोबर संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. बाकावर बराच वेळ बसावे लागले. आमच्या गावची दोन माणसे तेथे होती. त्यांनी आम्हाला पाहिले.

तुमचा,
फादर