नेत्र आणि द्रष्टा

इंद्रिय नष्ट झाले, पाहिलेला विषयही नाहीसा झाला, तरी ‘मी पाहिले होते’ हे ज्ञान मागे उरतेच. सबब ज्ञान हा इंद्रियाचा गुण नव्हे, असा युक्तिवाद न्यायसूत्रांत आहे. चार्ल्स ओलिव्हिएर याच्या चरित्रापुढे हा युक्तिवाद पुरा पडतो काय, हे पाहण्याजोगे आहे.

सेंट व्हिन्सेंट बेटावर १८७६ साली जन्मलेला हा फलंदाज १९०० साली वेस्ट इंडीजच्या पहिल्या दौऱ्याबरोबर इंग्लंडात आला, तेथेच राहिला, आणि वास्तव्याची मुदत भरल्यावर डार्बीशर परगण्याकडून खेळू लागला. १९०४ साली चेस्टरफील्डला एसेक्सने ५९७ धावा केल्या, त्यांत एकट्या पेरिनच्या नाबाद ३४३. उत्तरादाखल ओलिव्हिएरने २२९ काढल्या. एसेक्सचा दुसरा डाव ९७ धावांत आटोपला. मग ओलिव्हिएर पुन्हा नाबाद ९२, आणि डार्बीशर नऊ गडी राखून विजयी. (फलत्यागाचा उपदेश त्या संध्याकाळी पेरिनला निराळा करण्याची गरज नसावी.) पुढे तीन वर्षांतच डोळ्यांच्या विकाराने त्याचे परगण्याचे क्रिकेट संपले. तथापि १९२४ पासून १९३९ पर्यंत तो दरसाल हॉलंडात जाऊन शाळकरी मुलांना हाच खेळ शिकवीत असे.

म्हणजे कौशल्य डोळ्यात नव्हते, हा नैयायिकांचा पक्ष मान्य करू. परंतु ते आत्म्याचा गुण मानले, तर गुण आपला आश्रय सोडून दुसरीकडे जात नाही. मग त्या मुलांच्या पदरात पडले काय? वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपाद भावनासंस्काराची, म्हणजे अनुभवाने ज्याच्या त्याच्या आत्म्यावर उमटणाऱ्या ठशाची, तीन कारणे देतो. पहिले आश्चर्य : दाक्षिणात्याने प्रथमच उंट पाहावा, तसे. दुसरे अभ्यास, आणि येथे तो विद्या व शिल्प यांच्या पंक्तीला व्यायामही बसवतो, ही मला त्याची मोठी रसिकता वाटते. तिसरे आदर, म्हणजे प्रयत्नपूर्वक मन डोळ्यात स्थापून पाहणे.

पैकी पहिली दोन शिक्षकाच्या हातची आहेत : एखादा फटका मारून दाखवावा, पुढचा पाय चेंडूच्या टप्प्यापाशी नेण्याचा सराव शंभरदा करून घ्यावा. तिसऱ्याशी मात्र त्याचा इलाज चालत नाही. मुलाचे मन मुलानेच डोळ्यात आणावयाचे, आणि ते आणण्याची त्याला इच्छा का व्हावी, याविषयी प्रशस्तपादाने दिलेला दृष्टांत देवांच्या सरोवरातील सोन्यारुप्याच्या कमळांचा आहे. शाळेच्या मैदानावरील साध्या चेंडूचा नाही.