कर्व्ह कधी करायचं

इचलकरंजीतल्या एका पत्रिकांच्या दुकानात दोन पोरं कोरलड्रॉवर बसायची. थोरल्याचा हात असा चालायचा की गिऱ्हाईक बघत राही. चौकोन ओढला की लगेच कंट्रोल-क्यू, म्हणजे चौकोनाचा कर्व्ह, आणि मग रेषेवरचा एकेक बिंदू, म्हणजे नोड, धरून हवा तसा वळवायचा. धाकटा संथ. त्याचा चौकोन चौकोनच राहायचा. कोपरे गोल हवे असले तर तो वरच्या पट्टीत त्रिज्येचा आकडा टाकायचा.

"आकडे टाकून कुणी आर्टिस्ट होतं का रे?" थोरला हसायचा.

ऐन लग्नसराईत दुकानमालक अण्णांनी दोघांनाही एकाच पत्रिकेचा नमुना करायला सांगितला. गोल कोपऱ्यांची चौकट, वर आठ टोकांची चांदणी, दोन्ही बाजूंना कोयऱ्या आणि मधे मजकूर. थोरल्याची दुपारीच तयार झाली आणि खरं सांगायचं तर तीच जास्त देखणी होती. संध्याकाळी मुलीकडची मंडळी आली, त्यांनीही तीच उचलली.

"फक्त उभी नको, आडवी करा. चांदणी जरा टोकदार हवी. आणि हो, निमंत्रकांत आत्याचं नाव राहिलंय. ते नसेल तर आत्या लग्नाला यायच्या नाहीत."

थोरल्याने चौकट धरून आडवी ताणली, तसे कोपरे चपटे झाले. कर्व्ह केल्यापासून त्या चौकटीला त्रिज्या म्हणून काही उरलीच नव्हती. होते ते नुसते आठ नोड. चांदणीचा आतला एक नोड मध्याकडे ओढला, तर तो एकटाच आत गेला. बाकीचे सात जागचे हलले नाहीत. मजकूरही कर्व्ह केलेला, त्यामुळे आत्यांसाठी सगळी ओळ पुन्हा टाइप करणं आलं. शिवाय त्याने सगळे ग्रुप फोडून ठेवलेले. अक्षर धरायला जावं तर हाती चौकट यायची. अनडू करून मागे जावं, तर फाइल दुपारीच बंद केलेली.

अण्णांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. धाकट्याने चौकट ताणली आणि त्रिज्येचा आकडा पुन्हा टाकला, कोपरे होते तसे गोल झाले. चांदणीचा एक नोड ओढला, आठही बाजूंनी ती टोकदार झाली. कंट्रोल धरून क्लिक केलं, तर ग्रुप न फोडता आतली नेमकी तेवढीच ओळ निवडली गेली. तिच्यात आत्या बसल्या. चांदणीखाली दडलेलं वर्तुळ ऑल्ट धरून क्लिक करताच हाती आलं, त्याचा रंग बदलला. मंडळींचा चहा संपायच्या आत पत्रिका आडवी झाली होती.

मंडळी गेल्यावर थोरला म्हणाला, "म्हणजे कर्व्ह करूच नये म्हणा की."

"ह्याच्या कोयऱ्या बघ," अण्णा म्हणाले.

कोयऱ्या वर्तुळापासूनच केल्या होत्या. पण वर्तुळ वर्तुळ असेपर्यंत फार तर लंबगोल होतं, नाहीतर त्याचा कापलेला तुकडा होतो. एका बाजूला टोक काढून शेपूट वळवायचं तर कर्व्ह करावाच लागतो. धाकट्यानेही तो केलाच होता. मात्र पानाच्या बाहेर, समासात, एक साधं वर्तुळ तसंच ठेवलं होतं.

"जे पुन्हा बदलावं लागेल ते आधीच मोडून ठेवू नये," अण्णा म्हणाले. "चौकोनाला आपण चौकोन आहोत हे माहीत असतं, म्हणून तो तुझं निम्मं काम स्वतः करतो. तू त्याला ते विसरायला लावतोस आणि मग नोड मोजत बसतोस. हात तुझा चांगलाच आहे रे. जिथं हातच लागतो तिथं तो वापर."

थोरला काही बोलला नाही. त्याने नवी फाइल उघडली आणि चौकट पहिल्यापासून काढायला घेतली.

रात्री फाइल प्लेटसाठी पाठवायची होती. तिथल्या मशीनवर दुकानातला मराठी फॉन्ट नव्हता. मजकूर तसाच गेला असता तर अक्षरांचा नुसता कचरा छापून आला असता.

"कुठली पाठवू?" थोरल्याने विचारलं.

"कर्व्ह केलेली."

"आणि उद्या मुलाकडच्या काकांचा फोन आला तर?"

धाकट्याने स्क्रीनवरच्या दुसऱ्या फाइलवर बोट ठेवलं.