उमाजी नाईक : बंडवाला की लुटारू?

उमाजी नाईकाची जयंती ७ सप्टेंबर रोजी आता सरकारी कचेऱ्यांतूनही साजरी होते. त्या सुमारास अंबड तालुक्यातील एका गावी आमचे जाणे झाले. सायंकाळच्या उपासनेनंतर ओसरीवर बसलो असता एका तरुणाने आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, ज्याला १८३२ साली सरकारने लुटारू म्हणून फासावर चढविले, त्याच्याच तसबिरीला आज सरकार हार घालते. मग खरे कोणते?" वडील मंडळी हसली, परंतु आम्हांस हसू आले नाही. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. म्हणून वाचकांसमोर तो प्रश्न पुन्हा मांडीत आहो.

उमाजी हा पुरंदराखालील भिवडीचा. जन्म १७९१ चा. जातीने रामोशी. किल्ल्याची व गावाची राखण करणे हे या लोकांचे वंशपरंपरागत काम असे. गावात चोरी झाली तर रामोश्याने माग काढावा, न निघाल्यास नुकसान भरून द्यावे, अशी रीत होती. आणि त्याबद्दल त्याला हक्काचे धान्य व जमीन मिळे. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल बसला, आणि अशा कित्येक राखणदारांचे पोट तुटले. ज्याने चोर धरावयाचा तोच दरोड्यास निघाला. पुढे सरकारने उमाजीस माफी देऊन चाकरीत घेतले. तरी ते फार काळ टिकले नाही. त्याने पुन्हा बंड केले, इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला, अखेर तो पकडला गेला आणि पुण्यास त्याला फाशी झाली. त्याचा पाठलाग करणाऱ्या कप्तान मॅकिन्टॉश याने १८३३ साली रामोश्यांवर ग्रंथच लिहिला.

अशी माणसे केवळ आपल्याच देशात झाली असे नाही. हंगेरीत शांदोर रोझा नावाचा वाटमाऱ्या होऊन गेला. १८४८ च्या स्वातंत्र्ययुद्धात त्यालाही माफी देऊन लढाईस घेतले होते; तो १८७८ साली तुरुंगात मेला, आणि लोकांनी त्याला गरिबांचा कैवारी ठरविले. दोन दूरच्या देशांत लोकांनी एकच गोष्ट रचावी, यास काही कारण असले पाहिजे. आमच्या मते कारण हे : जेथे न्यायाची कचेरी गरिबास बंद असते, तेथे तो डोंगरातल्या माणसाकडे न्याय मागू लागतो. म्हणून दंतकथा ही लुटारूच्या चांगुलपणाची साक्ष असो वा नसो, राज्यकर्त्यांच्या अन्यायाची साक्ष मात्र खास आहे. कायद्याने ज्याला चोर म्हटले तो देवापुढेही तेवढाच चोर, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु येथेच थांबावे काय? त्या सायंकाळी कोपऱ्यात बसलेली एक आजीबाई बोलली, "माझा बा जालन्याच्या बाजारात कापूस घालून येत व्हता. वाटंत लुटला. वरीसभर घरात भाकरीची मारामार. त्याचा पोवाडा कुणी केला न्हाई." ओसरी शांत झाली. ज्याने लुटले त्याचे नाव राहते. जो लुटला गेला त्याचे नाव कोणीही विचारीत नाही. यरीहोच्या वाटेवरील दृष्टांतात मात्र उलट घडले आहे. तेथे लुटारू क्षणात दिसेनासे होतात, आणि सारी कथा जखमी वाटसरूपाशी थांबते. लुटारू शूर होते की दयाळू, हे तेथे कोणी पुसत नाही. जखमा कोणी बांधल्या, एवढेच पुसले जाते.

शिवाय दुसऱ्याचे घेऊन केलेले दान हे दान कसे? दात्याचे काही खर्ची पडले नाही, आणि ज्याचे पडले त्याची संमती नव्हती. गावोगावच्या पाटलांकडून वसूल केलेला पैसा अखेर कोणाच्या कणगीतून आला, हेही पाहिले पाहिजे.

तथापि एकाचा दोष सर्वांच्या माथी मारणे हा त्याहून मोठा अन्याय होय. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. पाळण्यातले मूलही जन्मतःच चोर, असा त्याचा अर्थ. तो १९५२ साली रद्द झाला. तरी महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आजही आहे. उमाजीचे गुण गावे आणि त्याच्या भाऊबंदांस दारात उभे करू नये, हे कसले गुणगान?

म्हणून त्या तरुणास आमचे उत्तर असे : दोन निकाल निरनिराळे द्यावे. उमाजीचे गाऱ्हाणे खरे होते, व परक्या सत्तेपुढे उभे राहण्याचे त्याचे धैर्य मानास पात्र आहे. परंतु निरपराध वाटसरूच्या गाठोड्यावर पडलेला हात कोणत्याही गाऱ्हाण्याने शुद्ध होत नाही.

आणि एक प्रश्न आपणांसच विचारावा. राखणदाराचे पोट तुटले तेव्हा त्याचा शेजारी काय करीत होता? आपल्या जिल्ह्यातून दरसाल कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. आपल्या शेतात राबणाऱ्याची मजुरी आपण ठरल्या दिवशी देतो काय? पोवाडा ऐकावयास जरूर बसावे. परंतु त्याआधी घरी जाऊन गड्याची मजुरी चुकती करावी.