तबकडीवरचे नाव

देवळाच्या सभामंडपातील घड्याळावर बहुधा दोन नावे असतात : तबकडीवर घडविणाऱ्याचे, आणि खाली लाकडावर ठळक रंगात अर्पण करणाऱ्याचे. या दोहोंत कोणाची गफलत होत नाही. (घड्याळ बंद पडले की दोन्ही नावे जागच्या जागी राहतात आणि खटपट पुजाऱ्याच्या वाट्याला येते, ही गोष्ट अलाहिदा.) घड्याळावरील नावाचा अर्थ काय, हा प्रश्न आम्हांस पडला तो मात्र एका मनगटी घड्याळाच्या निमित्ताने.

सुटे भाग मिळवून क्रोनोग्राफ जोडण्याचा छंद आम्हांस काही वर्षांपूर्वी जडला. क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवीत असतानाच, कळ दाबली असता लहानसा कालावधी वेगळा मोजून देणारे घड्याळ. यंत्र वालज्यू ७७५० जातीचे; १९७४ साली स्वित्झर्लंडात निघालेले, व्यासाने ३० मिलिमीटर, आणि आजवर अनेक नामांकित घड्याळांच्या पोटात चाललेले. कवच एकीकडून, काटे दुसरीकडून, तबकडी तिसरीकडून. या कामात सर्वांत छळतो तो मधला लांब काटा. कळ दाबून शून्यावर आणला की तो नेमका बाराच्या रेघेवर थांबला पाहिजे. केसभर चुकला तर उपसून पुन्हा बसवावयाचा, आणि दर खेपेस उपसताना त्याची पकड थोडी सैल व्हावयाची. आमचा चौथ्या खेपेस बसला.

हे घड्याळ भाच्याला लग्नात द्यावयाचे होते. तबकड्या दोन मागविल्या होत्या; एक कोरी, दुसरीवर एका जगप्रसिद्ध कारखान्याचे नाव. दुसरी अधिक शोभिवंत होती हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि मनाने लागलीच तिची वकिली आरंभिली. घड्याळ विकावयाचे नाही, भाच्याला खरे ते सांगणारच. मग फसवणूक कोणाची?

शिवाय नामांकितांचे तरी सारे स्वतःचे कोठे असते? रोलेक्सच्या डेटोना घड्याळात १९८८ पासून २००० पर्यंत झेनिथच्या ‘एल प्रिमेरो’वर आधारलेले यंत्र असे. त्या यंत्राची हकिकत ऐकण्यासारखी आहे. ते निघाले १९६९ साली. पुढे क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली आणि १९७५ च्या सुमारास झेनिथच्या अमेरिकन मालकांनी असली यंत्रे बंद करून सामग्री मोडीत काढावी असा हुकूम दिला. ल लोक्ल येथील कारखान्यातील शार्ल वेर्मो नावाच्या कारागीर-प्रमुखाने तो न जुमानता हत्यारे आणि कृतीच्या नोंदी माळ्यावर लपवून ठेविल्या, म्हणूनच ते यंत्र पुन्हा निघू शकले. रोलेक्सच्या तबकडीवर वेर्मोचे नाव नव्हते, झेनिथचेही नव्हते. मग आमच्याच तबकडीने एवढे सोवळे का पाळावे?

ती तबकडी घेऊन आम्ही मडगावच्या एका वृद्ध घड्याळजीकडे गेलो. डोळ्याचे भिंग न काढताच त्यांनी विचारले, “बाब, हें नांव कोणाचें? घड्याळ बंद पडल्यार तो येतलो?”

आमची वकिली तेथेच संपली. रोलेक्सने दुसऱ्याचे यंत्र घेतले खरे. पण ते पारखून, त्याची स्पंदने ताशी ३६,००० वरून २८,८०० वर आणून, पुढच्या साऱ्या तक्रारी अंगावर घेऊन मग त्यावर आपले नाव घातले. तबकडीवरील नाव हे जामिनाचे असते. आम्ही मात्र ज्याला विचारलेही नाही अशा माणसाला जामीन उभा करीत होतो. आणि भाच्याला सांगून तरी काय साधणार? घड्याळ माणसाहून अधिक टिकते. भाच्याला ठाऊक, त्याच्या मुलाला अर्धवट ठाऊक, नातू ते विश्वासाने बाजारात नेणार. आणि खुलासा करावयास तेव्हा आम्ही कोठे असणार?

एका स्नेह्यांनी श्रीमंगेशाचा दाखला दिला. १५६० साली देव कुशस्थळीहून प्रियोळास आले. देऊळ निराळे, दगड निराळे, नाव मात्र तेच. परंतु प्रियोळच्या भिंती कुशस्थळीच्या आहेत असे कोणी कधी म्हटले नाही, आणि जे आले ते तेच लिंग होते. आमच्या घड्याळात त्या कारखान्याचा एक स्क्रूदेखील नव्हता.

शेवटी कोरी तबकडी बसविली. ती थोडी उघडी वाटली, हे खरे. दुसरी अद्याप खणात आहे. फेकून देण्याचे धैर्य आम्हांस झालेले नाही. मागच्या झाकणाच्या आतल्या अंगास, दुरुस्ती करणारे आपली खूण कोरतात तेथे, घड्याळजींनी आमची आद्याक्षरे आणि साल कोरून दिले.

“मामा, कंपनी कोणती?” असे भाच्याने मांडवातच विचारले. आम्ही झाकणाकडे बोट दाखविले. गेल्या पावसाळ्यात घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडू लागले, तेव्हा तो ते घेऊन आमच्याकडेच आला.