दुखण्याची उचल

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली माणसं मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधार असतानाच फडावर जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. कोपीला मोरी नसते, फडात आडोसा नसतो. पाळीचे दिवसही असेच काढायचे. एक दिवस घरी राहिलं की खाडा पडतो आणि मजुरी जाऊन वर दंड बसतो.

अशा बाईच्या अंगावरून पांढरं जाऊ लागतं. कंबर धरते, ओटीपोट दुखतं. पुष्कळदा तो साधा जंतुसंसर्ग असतो. वेळेवर तपासणी, गोळ्यांचा पूर्ण कोर्स, स्वच्छ पाणी आणि थोडी विश्रांती मिळाली तर तो बरा होतो. पण हंगामात विश्रांती कुठून आणायची? दुखणं अंगावर काढत ती होळीनंतर गावी येते आणि तालुक्याच्या दवाखान्याची पायरी चढते. सोनोग्राफी होते. ‘पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल,’ असं कुणीतरी सांगतं. लहान लेकरांची आई त्या एका शब्दानं गारठून जाते. शस्त्रक्रियेचे पैसे घरात नसतात, म्हणून ते मुकादमाकडून येतात आणि पुढचा हंगाम त्यात बुडतो. तिशी-पस्तिशीत गर्भाशय गेलेली ही बाई पुढच्या दसऱ्याला पुन्हा तीच मोळी डोक्यावर घेते.

हे एका बाईचं दुर्दैव नाही. जून 2019 मध्ये विधिमंडळात सरकारनं सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

हे आकडे वाचून काही डॉक्टरांना दोष द्यायचा आणि वर्तमानपत्राची घडी घालायची, हे सोपं आहे. याच जिल्ह्यात रुग्णाला विनाकारण चाकू लावू न देणारे डॉक्टरही आहेत. प्रश्न माणसांच्या चांगुलपणापेक्षा व्यवस्थेचा आहे. सल्ला देणाऱ्याची मिळकत त्याच सल्ल्यावर अवलंबून असेल, आणि सल्ला घेणारीला तो खरा की खोटा हे कळायला मार्गच नसेल, तर तो सौदा न्यायाचा होऊ शकत नाही. कापड घेताना आपण चार दुकानं हिंडतो, न पटलं तर परत येतो. पोटात कळ आलेल्या बाईला तशी मोकळीक नसते.

यावर तयार उत्तर असतं : विमा द्या. पाच लाखांचं कार्ड हातात द्या, बाई निर्धास्त होईल. अडल्या वेळी असं कार्ड प्राण वाचवतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण असं कार्ड मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी असतं. शस्त्रक्रियेला पैसे मिळतात, ती टाळणाऱ्या गोळ्यांना आणि तपासणीला क्वचितच. बिहारच्या समस्तीपूर जिल्ह्यात 2012 साली गरिबांच्या आरोग्य विम्यावर केलेल्या अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया उघडकीला आल्या. तिथं पैसा बाईच्या घरातून गेला नाही, सरकारी तिजोरीतून गेला. बाईच्या शरीराचं व्हायचं ते झालंच. बिल कोण भरतो एवढंच बदललं आणि बिल वाढवण्यातला फायदा तसाच राहिला, तर खर्चाला लगाम बसत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उपचार सरकारनं स्वतः द्यावेत, पगारी डॉक्टरांकडून, करातून, सगळ्यांना. ही कल्पना परकी नाही. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनं 1946 सालीच सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्याच अहवालातून आली. दोनच वर्षांनी, 5 जुलै 1948 रोजी, ब्रिटननं आपली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. महायुद्धानं तो देश कर्जात बुडाला होता, साखरसुद्धा रेशनवर मिळत होती. ती सेवा उभारणारे मंत्री अन्युरिन बेव्हन खाणीत काम केलेले होते. त्यांच्या गावी कामगार पगारातून थोडे थोडे पैसे काढून सगळ्यांसाठी डॉक्टर ठेवत; तीच रीत त्यांनी देशाला लावली. आज तिथंही रांगा लांबल्या आहेत, तक्रारी आहेत. तरीही बाजारावर भिस्त ठेवणारी अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 17 टक्के आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन सुमारे 11. आणि सरासरी आयुष्य ब्रिटनमध्ये जास्त आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्यानं 1970 पासून गावातल्याच, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाब, क्षयरोग, मुलांचं कुपोषण यांकडे त्या दारोदार जाऊन लक्ष देऊ लागल्या. दुखणं घरातच लवकर ओळखलं गेलं की ते शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचत नाही. खर्च आटोक्यात ठेवण्याचा याहून भला मार्ग मला दिसत नाही.

‘सरकारी दवाखान्यात काय मिळतं?’ हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. रिकामी पदं, संपलेली औषधं, वसकन अंगावर येणारे शब्द हे सगळं खरं आहे. पण 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2025 पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं, आणि 2021-22 मध्ये, कोविडच्या काळातही, तो 1.84 टक्केच होता. ज्या रांगेत फक्त गरीब उभे असतात, त्या रांगेची कुणी काळजी करत नाही. शिक्षक, तहसीलदार, आमदार आणि मीही त्याच रांगेत असलो, तर औषध संपल्याची बातमी त्याच दिवशी मुंबईला पोचेल.

ही सेवा राष्ट्रीयच हवी, याचं कारण बीडइतकं कुणाला ठाऊक असणार? इथली बाई निम्मं वर्ष परजिल्ह्यात, परराज्यात असते. पाटोद्याच्या उपकेंद्रात सुरू झालेला तिचा गोळ्यांचा कोर्स बेळगावच्या फडावर तुटता कामा नये. तिची नोंद तिच्यासोबत जावी आणि साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तिला कार्ड किंवा ओळख न विचारता तपासलं जावं.

यासाठी पैसा लागेल, आणि तो करातूनच येईल. आपल्यापैकी ज्यांना परवडतं, त्यांना जास्त द्यावा लागेल. पण आजही ही किंमत कुणीतरी भरतंच आहे. 13,861 स्त्रियांनी ती शरीरानं भरली, वर कर्ज घेऊन. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर ज्यांच्या चहात पडते, त्या आपण सर्वांनी हा भार वाटून घेणं हा उपकार नाही, राहिलेलं देणं आहे.