जैसे थे आणि उभे पीक

कामठीकडून पूल ओलांडून कन्हानला आले, की एकाच भूमीवर हक्कांचे किती थर साचले आहेत याचा प्रत्यय येऊ लागतो. १९५१ पर्यंत हा मुलूख मालगुजारीचा. मालगुजारी संपुष्टात आली तरी मिसल, खसरा, निस्तारपत्रक या दप्तरांतील नोंदी कायम राहिल्या, पुढे कोळशाच्या खाणींचा विस्तार झाला, महामार्गालगतच्या वावरांत लेआउट पडले, आणि ज्या कास्तकाराच्या आज्याला धुऱ्यावरच्या बाभळीपलीकडे सीमेचा दुसरा दाखला लागला नव्हता, त्याला आता विक्रीपत्रांच्या नकला काढाव्या लागतात.

अशा जमिनीचा दावा दाखल होतो तेव्हा पक्षकाराला मालकीचा निवाडा हवा असतो हे खरे. परंतु त्या निवाड्याला किती वर्षे लागतील याची कल्पना असल्यामुळे त्याचे सारे चित्त दाव्यासोबतच्या अर्जावर, आपल्या कोर्टांत ज्याला ‘निशाणी ५’ म्हणतात त्यावर, खिळलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३९व्या आदेशाखालील या अर्जावर न्यायाधीशाने सकृद्दर्शनी प्रकरण आहे काय, सोयी-गैरसोयीचे पारडे कोणाकडे झुकते, आणि मनाई न दिल्यास भरून न येणारी हानी होईल काय, एवढेच पाहावयाचे असते. हे धोरण शहाणपणाचे आहे. कारण साक्षीपुराव्यापूर्वी मालकी ठरवणे अन्यायाचे, आणि ती ठरेपर्यंत झाडे तुटली व भूखंड विकले गेले तर जिंकलेल्या वादीच्या हाती नुसता हुकूमनामा उरावयाचा.

आक्षेप आहे तो ‘परिस्थिती जैसे थे ठेवावी’ एवढ्यावरच संपणाऱ्या आदेशांविषयी. धुऱ्याचाच वाद घ्या. एक म्हणतो धुरा बाभळीपासून सरळ जातो, दुसरा म्हणतो तो नाल्याकडे वळतो; मधल्या चिंचोळ्या पट्टीत मृगात कोणी पेरले हे गावाला ठाऊक असते, कागदाला नसते. सातबाराही येथे पुरा पडत नाही, कारण महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानावयाची, आणि पट्टी नेमकी कोणत्या खसऱ्यात हाच तर वाद. आदेशाची नक्कल घेऊन दोघेही त्याच पोलीस ठाण्यात जातात; ताबा कोणाचा हे तीत लिहिलेलेच नसल्यामुळे ठाणेदार ‘बाब दिवाणी आहे’ म्हणून दोघांनाही परत पाठवतो; आणि मग ज्याच्या घरी माणसे अधिक, तो रात्रीतून तूर कापून नेतो. न्यायालयाचा शब्द मानून घरी बसलेला मनुष्यच तेवढा नागवला जातो.

गोव्यातील एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले, की ताबा सांगणाऱ्याने तो केव्हापासून, कोणत्या नात्याने आणि कोणत्या कागदाच्या आधारे आहे हे तपशिलाने मांडले पाहिजे. पक्षकाराकडून एवढा तपशील मागायचा, तर न्यायालयाचा आदेश मोघम का असावा? संहितेच्या २६व्या आदेशान्वये कमिशनर नेमता येतो, भूमी अभिलेख खात्याची मोजणी मागवता येते. कमिशनर पुरावा गोळा करण्यासाठी नव्हे, ही वकिलांची नेहमीची हरकत; ताबा कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचेच काम आहे, इतपत ती योग्यही आहे. परंतु धुरा आज कोठे दिसतो, विहिरीवरचा पंप कोणत्या वावराला पाणी देतो, तुरीच्या किती ओळी कोणत्या बाजूला उभ्या आहेत, हे नकाशावर उतरवून घेणे निराळे. सप्टेंबरात दिसणारी तूर उन्हाळ्यात शेतात नसते, आणि साक्षीची पाळी येईपर्यंत तर धुराही पुसला गेलेला असतो.

एकतर्फी मनाई दिली असल्यास अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असा ३-अ हा नियम ३९व्या आदेशात १९७६ च्या दुरुस्तीने आला. उच्च न्यायालयांनी खटल्यांना दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा दंडक मात्र त्याच्याच घटनापीठाने २०२४ मध्ये रद्द केला, आणि ते उचितच झाले, कारण न्यायालयाच्या विलंबाची शिक्षा पक्षकाराला देता येत नाही. पण विलंब होणारच असेल, तर पहिल्याच तारखेला आदेशासोबत नकाशा जोडावा, पट्टी कोणाच्या कब्जात दिसते ते लिहावे, आणि तेही सांगता येत नसेल तेथे रिसीव्हर नेमून उभे पीक विकावे व त्याची रक्कम निकालापर्यंत कोर्टात जमा ठेवावी.